स्पूलवरची झोळी कापू नका : विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेच्या कपाटात ध्वनिफितीची सात इंची तीन रिळे, म्हणजे स्पूल, आहेत. १९८२ च्या दिवाळीनंतर, गिरणी संप चालू असताना, परळच्या एका चाळीच्या पटांगणात संपकऱ्यांच्या धान्यनिधीसाठी शाहिरी आणि लोकगीतांचा कार्यक्रम झाला होता. त्या कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण. त्यातून पन्नास मिनिटांचा ‘सुधारित’ अल्बम काढायचा, त्याचे प्रकाशन तिकीट लावून करायचे आणि संगणकावर प्रत झाली की मूळ स्पूल मोडीत काढायचे, असा ठराव आपण केला आहे. ठरावाची प्रत, वगळायच्या भागांची यादी आणि नमुन्याची सीडी मला आपल्याच कार्यालयातून रीतसर मिळाली. त्यानंतर मी पत्रे लिहिली, भेटीची वेळ मागितली. उत्तर आले नाही, आणि प्रकाशनाची तयारी मात्र सुरू आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. संस्थेचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, ते स्पूल वाचवायचे आहेत.

माझा या गोष्टीशी संबंध दोन बाजूंनी आहे. त्या रात्री मी झील धरायला, म्हणजे शाहिरांच्या मागे सूर धरून साथ द्यायला, उभी होते, तुणतुण्याच्या शेजारी. आई गिरणीच्या वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात आणि वडील साच्यावर, म्हणजे मागावर, त्यामुळे आमच्या घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले होते. पुढे माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली. ब्लेडने टेप तिरकी कापून जोडणे, मशीनचे टेप वाचणारे हेड पुसणे, पावसाळ्यात बुरशी धरलेले स्पूल हलक्या हाताने उलगडणे, हे माझे रोजचे काम होते. तेव्हा त्या टेपवर काय आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती टेप अजून किती साथ देईल याचाही मला अंदाज आहे.

आधी आपले ऋण मान्य करते. हे मुद्रण करणारे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी स्पूल आणि त्याबरोबरची हिशेबाची वही भंगारात न घालता आपल्याकडे आणून दिली, आणि आपण ती ठेवून घेतली. त्या काळात असल्या वस्तू कोणी दारात उभ्या करत नव्हते. आपल्या आधीच्या विश्वस्तांनी ही जबाबदारी घेतली नसती, तर आज भांडायलाही काही उरले नसते.

आता त्या रात्रीबद्दल, कारण आजच्या विश्वस्तांपैकी कोणी तिथे नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांतून बाहेर पडले. दिवाळीपर्यंत निम्मी चाळ गावाला गेली होती, कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, कोणी सातारा-कोल्हापूरकडे. जे राहिले त्यांच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून सावकाराकडे चालली होती. १८ ऑगस्टला तर मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले होते. त्यानंतर शहराचे वातावरण असे होते की कार्यक्रमाला लाउडस्पीकर लावायचाच नाही, असे आयोजकांनी ठरवले. त्यामुळे सगळी रात्र उघड्या गळ्याने झाली. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांजा, भजनी मंडळाचा पखवाज, टाळ आणि पेटी. मायक्रोफोन एकच, तोही मुद्रणासाठी, बाकावर उशी ठेवून तिच्यावर टेकवलेला.

कोकणातला माणूस गिरणगावात येताना जाखडीचा नाच आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब घेऊन आला, घाटावरचा माणूस पोवाडा, भारूड आणि तमाशातली विनोदी बतावणी घेऊन आला. एरवी यांचे फड वेगळे आणि ऐकणारेही वेगळे. त्या रात्री ते एकाच पटांगणात एकामागून एक उभे राहिले. जाखडी नाचणाऱ्या बाल्यांच्या पायातल्या घुंगरांचा ठेका संपत नाही तोच आमच्या शाहिरांनी डफावर थाप मारलेली टेपवर ऐकू येते, आणि मागून कोकणातलीच पोरे ‘जी जी रं जी’ ओढायला आमच्यात घुसलेलीही कळतात. कोणी मानधन घेतले नाही. जेवणही घरून बांधून आणले होते.

मदतीसाठी गाणे ही शाहिरांची जुनी रीत आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर अण्णा भाऊ साठ्यांनी पोवाडा रचला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि पुढच्या पिढीतल्या आमच्यासारख्या कलापथकांनी कार्यक्रम कसा बांधायचा हे त्यांच्याकडूनच घेतले. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले. त्या पिढीतल्या शाहिरांचे आवाज मी ऐकले ते तबकड्यांवर. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. पोवाडा त्यात मावत नाही, मग त्याचे चार-पाच चौक, म्हणजे कडवी, निवडून भरायचे. शाहीर श्रोत्यांशी काय बोलतो, कुठे थांबतो, कोणाला चिमटा काढतो, हे तबकडीवर येतच नाही. आपल्या कपाटातल्या तीन स्पूलवर ते सगळे आहे, अख्ख्या रात्रीचे, ऐकणाऱ्यांसकट. चाळीच्या पटांगणातला असा पूर्ण कार्यक्रम माझ्या उभ्या नोकरीत माझ्या हाताखालून एकदाही गेला नाही.

म्हणूनच आपली वगळायची यादी वाचून मी हबकले.

त्या यादीतली सगळ्यात मोठी कात्री झोळीवर चालली आहे. दोन गाण्यांच्या मध्ये झोळी फिरते तेव्हा निवेदक चाळीचे नाव, खोली आणि रक्कम वाचून दाखवतो. कोणाचे दोन रुपये, कोणाची पायलीभर तुरडाळ, कोणी रोख जमत नाही म्हणून दिलेला घासलेटचा डबा. खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचे नाव येते तेव्हा पटांगण एकदम गप्प होते, कारण तिथे बसलेल्या निम्म्या माणसांची उधारी त्यांच्याच वहीत होती आणि तरी त्यांनी तांदूळ दिला होता. पत्र्याच्या डब्यात पडणारी नाणी स्वच्छ ऐकू येतात. हा सगळा भाग आपल्या यादीत ‘अनावश्यक निवेदन’ या दोन शब्दांखाली गेला आहे. विश्वस्त महोदय, तो कार्यक्रम झोळीसाठी होता. गाणी तिला फिरती ठेवण्यासाठी होती. शाहीर कोणत्या ठिकाणी लय वाढवतात, कोणता चौक पुन्हा घेतात, हे झोळी कुठवर पोहोचली यावर ठरत होते. निवेदने काढली की तेच गाणे उगाच लांबलेले वाटते, आणि मग आपले संपादक तेही छाटतात. नमुन्याच्या सीडीवर असे दोन पोवाडे मध्येच तोडलेले मी ऐकले.

दुसरी कात्री ‘गोंगाट’ या सदराखाली आहे. थंडीत दव पडू लागले की डफाचे कातडे सैल होते. मग कागद पेटवून त्यावर डफ शेकायचा. टेपवर तो कागद पेटतो, कोणीतरी लहान मुलाला मागे ओढते, आणि शेकलेल्या डफाची पहिली थाप आधीच्या थापेपेक्षा किती चढी लागते ते कळते. डफ वाजवायला शिकणाऱ्या आजच्या पोरांना मी हा तुकडा ऐकवला असता. एका ठिकाणी शाहीर गाणे थांबवून विचारतात की पाळी सुटायची वेळ झाली तरी आज भोंगा कसा नाही, आणि सगळे पटांगण हसते. गिरणगावात माणसे घड्याळ न बघता भोंग्यावर उठत, जेवत, झोपत. तो बंद पडलेला असताना लोक त्याच्यावर हसू शकत होते, याचा एवढा थेट पुरावा मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. तोही यादीत आहे.

एक संपूर्ण पोवाडा ‘वादग्रस्त’ म्हणून वगळला आहे. त्यात मालक, सरकार आणि १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टखाली एकाच युनियनला मिळणारी मान्यता यांच्यावर टीका आहे. आहेच. तो संपकऱ्यांचा कार्यक्रम होता आणि संपाचे एक मोठे कारण तो कायदाच होता. आजच्या श्रोत्याला संदर्भ लागणार नाही, अशी अडचण आपल्या टिपणात लिहिली आहे. ती खरी आहे, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. दोन पानांची पुस्तिका घाला. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही आणि गिरण्यांच्या जागेवर आज मॉल आणि टॉवर उभे आहेत, एवढे सांगितले तरी परळमध्ये वाढलेल्या कोणत्याही मुलाला पोवाडा समजेल.

वाइंडिंग खात्यातल्या बायकांच्या ओव्या ‘आवाज अस्पष्ट’ म्हणून काढल्या आहेत. त्या मायक्रोफोनपासून लांब, चाळीच्या ओट्यावर बसून गायल्या, म्हणून आवाज लांबून येतो. गावी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांत त्यांनी तिसऱ्या पाळीचे आणि बंद गिरणीचे शब्द घातले होते. या ओव्या इतरत्र कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यांतल्या एका बाईंची नात आज शिक्षिका आहे. आजीचा आवाज कसा होता, हे तिला ऐकायचे आहे. तिच्यासाठी तो अस्पष्ट असला तरी चालणार आहे.

आता आपण जे घातले आहे त्याविषयी. नमुन्यात डफाखाली इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, गाण्यामागे कीबोर्डचे सूर भरले आहेत आणि शाहिरांच्या आवाजाला घुमारा दिला आहे. तुणतुणे जवळजवळ ऐकूच येत नाही. तुणतुण्याला तार एक, ती एका स्वरात लावलेली, आणि तोच स्वर धरून सगळे गातात. उघड्या पटांगणात मायक्रोफोनशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचवायला शाहीर कसे उंच पट्टीत गात आणि झील ती पट्टी कशी तोलून धरी, हे या मुद्रणाचे मोल आहे. घुमारा दिला की ते उघडे पटांगण बंद सभागृह होऊन जाते. नव्या वाद्यांसह नवी गाणी कोणाला करायची असतील तर जरूर करावीत, तरुण शाहिरांनी ती करावीतच. पण त्यावर ‘१९८२ चे मूळ ध्वनिमुद्रण’ असे छापू नये.

आणि नावे. अल्बमच्या मजकुरात मुख्य शाहिरांखेरीज सगळ्यांच्या जागी ‘पारंपरिक’ आणि ‘समूह’ एवढेच आहे. ढोलकी कोणी वाजवली, बतावणीतला सोंगाड्या कोण, जाखडीचा बुवा कोण, ओव्या कोणाच्या, हे सगळे त्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेले आहे. मी ते पुन्हा पडताळून, हयात असलेल्यांना विचारून, यादी करून आपल्याला पाठवली आहे. ती नावे इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्यांची परवानगी अजून कोणी मागितलेली नाही. आपणही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराचा नाव लागण्याचा हक्क कलम ३८ब मध्ये स्पष्ट लिहिला गेला. पण मी कलमावर बोट ठेवून भांडत नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या लोकांसमोर आणते आहे, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका असतो. ऐकणाऱ्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत. हे काम पुण्या-मुळशीच्या परिसरातून उभे राहिले. आपल्याला आदर्श शोधायला लांब जायचे कारण नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण ठरावातला सर्वांत न भरून येणारा निर्णय तिथेच आहे. आपण केलेली प्रत चुकीची आहे. नमुन्यात शांत जागी मागून उलटे बोलणे ऐकू येते. ते भूत नाही. मूळ मुद्रण मोनो, अर्ध्या ट्रॅकचे आहे, म्हणजे टेपच्या अर्ध्या रुंदीवर एका बाजूचे आणि टेप उलटवून उरलेल्या अर्ध्या रुंदीवर दुसऱ्या बाजूचे केलेले. ते स्टिरिओ हेडच्या मशीनवर लावले की दुसऱ्या बाजूचा आवाज उलटा मिसळतो. मशीनचा वेगही जास्त होता. पहिल्या स्पूलच्या आरंभी भजनी मंडळाच्या पेटीवरचा काळी एक हा सूर धरून ठेवला आहे. त्याच्याशी ताडून पाहा, सगळी प्रत जवळजवळ अर्ध्या सुराने वर गेली आहे. शिवाय ती एमपी-थ्री, म्हणजे आवाजातले काही तपशील गाळून दाबलेली फाइल, आहे. आयएएसए या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल सुचवली आहे. एमपी-थ्री फोनवर ऐकायला ठीक, जतनाला नाही.

अशी प्रत हातात ठेवून मूळ स्पूल मोडीत काढणे म्हणजे चूक दुरुस्त करण्याची वाट कायमची बंद करणे. त्यातला एक स्पूल चिकटू लागला आहे, हे मला दिसले. टेपवरचा चुंबकीय थर ज्या द्रव्याने धरलेला असतो ते वर्षानुवर्षे हवेतले पाणी शोषते, मग टेप हेडला चिकटते आणि थर खरवडून निघतो. मुंबईच्या दमट हवेत हा धोका जास्तच. यावर उपाय आहे. जाणकार प्रयोगशाळेत पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास मंद उष्णतेवर टेप काही तास वाळवतात, आणि मग ती प्रत काढण्यापुरती चालते. पण वेळ फार नाही. युनेस्को आणि आयएएसएने मिळून २०१९ मध्ये जगभरच्या टेपसंग्रहांची पाहणी सुरू केली तेव्हाच इशारा दिला होता की चालू मशीन, सुटे भाग आणि ती चालवणारी माणसे संपत आल्यामुळे २०२५ च्या सुमारास टेप वाजवणे बहुतेक ठिकाणी अशक्य होत जाईल. मी अजून आहे आणि मला ते काम येते. माझ्याबरोबरीचे फार थोडे उरले आहेत.

शेवटचा मुद्दा पैशाचा. प्रकाशन सोहळ्याचे तिकीट आणि अल्बमची विक्री संस्थेच्या सभागृहाच्या नूतनीकरणासाठी जाणार, असे ठरावात आहे. सभागृह चांगले व्हावे, परळमध्ये जागांची किती ओढाताण आहे हे मी जाणते. पण त्या रात्री गाणाऱ्यांनी मानधन सोडले ते संपकऱ्यांच्या चुलीसाठी. त्यांनी दिलेले दान दुसऱ्या कामाला वळवायचे असेल तर निदान त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारायला हवे. कोणी विचारलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

स्पूल मोडीत काढण्याचा ठराव रद्द करा आणि तसे लेखी कळवा. ही मागणी बाकी सगळ्यांच्या आधीची आहे, कारण बाकीचे उशिरा झाले तरी चालेल.

अल्बमचे सध्याचे काम थांबवा. तिन्ही स्पूलची, दोन्ही बाजूंची, कुठेही न कापलेली प्रत जतनाच्या दर्जाने नव्याने काढा. एक प्रत संस्थेत ठेवा आणि एक बाहेरच्या संग्रहात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ साली सुरू झालेले एथ्नोम्युझिकॉलॉजीचे, म्हणजे लोकांच्या संगीताच्या अभ्यासाचे, संग्रह-केंद्र गुरुग्रामला आहे आणि ते हेच काम करते. त्यांच्याशी बोलता येईल.

पूर्ण मुद्रण कोणालाही विनामूल्य ऐकता येईल असे ठेवा. निवडक गाण्यांचा अल्बम त्यानंतर काढायला माझी हरकत नाही, मात्र त्यात नवीन वाद्ये नकोत, आणि तो कशातून निवडला आहे हे त्यावर लिहिलेले असावे.

सगळ्या कलाकारांची नावे छापा. त्याआधी त्यांच्या किंवा वारसांच्या घरी जाऊन परवानगी घ्या. मी सोबत येईन, बहुतेकांची घरे मला माहीत आहेत. काही आता विरार-डोंबिवलीला गेली आहेत, काही कायमची गावाला. ज्या देणगीदारांची नावे निवेदनात येतात त्यांच्यापैकी कोणाच्या घरच्यांना ती जाहीर नको असतील, तर तेवढा भाग ऐकण्याच्या प्रतीतून झाकता येईल. मूळ प्रतीला हात लावू नका.

विक्रीतून जे पैसे येतील त्यांचे काय करायचे हे या घरांची एक बैठक बोलावून ठरवा, आणि हिशेब जाहीर करा. १९८२ ची ती वही बघा. किती जमले, किती धान्य घेतले, कोणत्या खोलीत किती गेले, ते पैशापर्यंत लिहिलेले आहे.

प्रती काढण्याच्या कामाचे मी काही घेणार नाही. अर्ध्या ट्रॅकचे मोनो हेड असलेले चालू मशीन माझ्या ओळखीच्या एकाकडे आहे आणि तो ते द्यायला तयार आहे. चिकटलेला स्पूल मात्र प्रयोगशाळेतच द्यावा लागेल, त्याचा खर्च संस्थेने करावा.

तोवर एवढे करा. स्पूल आत्ता कपाटात एकावर एक आडवे ठेवले आहेत, ते पुस्तकासारखे उभे ठेवा. कपाट बाथरूमच्या भिंतीला टेकलेले आहे, ते तिथून हलवा. आणि चिकटलेला स्पूल, ज्याच्या डब्यावर निळ्या शाईने ‘२’ लिहिले आहे, तो कृपा करून कोणालाही मशीनवर चढवू देऊ नका.

आपली विश्वासू,
कलापथकातील एक झीलकरी
परळ, मुंबई